फ्लॉरेन्सला जाताय? आधी वार ठरवा, मग तारखा

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर चौघांची इटलीची सहल. नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. रोम चार रात्री, व्हेनिस दोन, मिलान तीन. फ्लॉरेन्स रोमहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. हे जमेल का? तिकिटं आधी काढावीत का? शाकाहारी माणसांचं काय? आणि टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, भाड्याने गाडी घ्यावी का?

मराठी कुटुंबांचे इटलीचे कार्यक्रम आखून देणं हे माझं काम आहे, आणि फ्लॉरेन्सच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. रोमहून वेगवान रेल्वेगाडी दीड तासात पोचवते, त्यामुळे कागदावर एका दिवसात सगळं बसतं. प्रत्यक्षात होतं असं की नऊच्या सुमारास उतरायचं, डुओमो या मुख्य कॅथेड्रलपुढे फोटो काढायचे, उफिझी या चित्रसंग्रहालयाची रांग बघून बाहेरूनच नमस्कार करायचा, चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघून ‘झाला’ म्हणायचं आणि संध्याकाळच्या गाडीत झोपायचं. तो चौकातला डेव्हिड नक्कल आहे. मूळ पुतळा 1873 मध्येच अकादेमिया संग्रहालयात हलवला; पियात्सा देल्ला सिन्योरियात 1910 पासून उभी आहे ती प्रतिकृती. दिवसभरात येऊन जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे घरी परतल्यावर कळतं.

माझा सल्ला: मिलानच्या दोन रात्री आणि रोमची एक रात्र काढून घ्या. रोम तीन, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन, मिलान एक. विमान रोमला उतरणारं आणि मिलानहून सुटणारं घ्या, म्हणजे उलटा प्रवास होत नाही. मिलानप्रेमी रागावतील, पण पहिल्यांदाच इटलीला जाणाऱ्या कुटुंबाला मिलान एका रात्रीत पुरतं. फ्लॉरेन्स पुरत नाही. याचं एक कारण फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारसदार आना मारिया लुईझा. 1737 मध्ये त्यांनी घराण्याचा सगळा कलासंग्रह सरकारकडे सोपवला तो एका अटीवर, की यातलं काहीही शहराबाहेर जाता कामा नये. त्यामुळे जे इतर ठिकाणी विकलं गेलं, विखुरलं, ते इथे चालत वीस मिनिटांच्या परिघात जागच्या जागी आहे.

आता मुख्य मुद्दा. फ्लॉरेन्समध्ये तारखेपेक्षा वार महत्त्वाचा. उफिझी, अकादेमिया आणि पिट्टी राजवाडा सोमवारी बंद. डुओमो म्हणजे कॅथेड्रल आतून बघायला पैसे लागत नाहीत, पण पर्यटकांसाठी ते साधारण सव्वादहा ते पावणेचार एवढंच उघडं असतं आणि रविवारी बंद. डुओमोचं संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या दिवशी आगाऊ वेळ मिळत नाही आणि अख्खं टस्कनी रांगेत उभं असतं. वाचलेले पैसे पायांनी फेडायचे असतील तरच जा. म्हणजे शनिवारी रात्री पोचून मंगळवारी सकाळी निघणाऱ्याला तीन रात्रींचे पैसे भरूनही रविवारची गर्दी आणि सोमवारची कुलुपं मिळतात. तुमच्यासाठी मंगळवारी दुपारी पोचून शुक्रवारी निघणं सगळ्यात सोयीचं. बाकीची शहरं या तीन दिवसांभोवती बसवा.

तिकिटं आधी काढायचीच, पण सगळ्या ठिकाणांची नाही. तीनच गोष्टी वेळ ठरवून आरक्षित करा: डुओमोचा घुमट, उफिझी आणि अकादेमिया. बाकी शहर ऐनवेळी बघता येतं. घुमटाच्या जागा सगळ्यात आधी संपतात, म्हणून आधी ती वेळ पकडा आणि मग उरलेली दोन बसवा. घुमटासाठी ब्रुनेलेस्की पास नावाचं तिकीट आहे. त्यातच जोत्तोचा घंटामनोरा, बाप्तिस्तेरी (बाप्तिस्म्याची वेगळी इमारत) आणि संग्रहालय येतं आणि तीन दिवस चालतं. मात्र घुमटाची निवडलेली वेळ बदलता येत नाही. उफिझी आणि अकादेमियात अठराच्या आतल्यांना, मग ते कुठल्याही देशाचे असोत, प्रवेशाचे पैसे नाहीत. मुलीसाठी फक्त आरक्षणाचं शुल्क पडेल. पासपोर्ट सोबत असू द्या, वय तपासतात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच भरा.

तिकिटं घेताना एक सावधगिरी. शोधलं की वरच्या चार-पाच साइट्स अधिकृत असल्यासारख्या दिसतात आणि तेच तिकीट दीडपट-दुप्पट किमतीला विकतात. फसवणूक नसते, तिकीट खरंच मिळतं, पण फुकटचा भुर्दंड. उफिझीच्या आणि डुओमोच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ‘रांग टाळा’ असं लिहिलेलं महाग तिकीट म्हणजे बहुतेक वेळा साधं वेळ ठरवलेलं तिकीटच असतं. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही.

व्हिसा न येताच हे पैसे अडकवायचे का, असं तुम्ही विचारणार. मी म्हणतो, अडकवा. हॉटेल आणि विमान रद्द करता येणारं घ्या, कारण रक्कम मोठी. घुमटाची तिकिटं गेली तर हळहळ होईल, पण वेळ हुकली तर ती कितीही पैसे देऊन परत मिळत नाही. व्हिसाबद्दल एवढंच: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांचं शुल्क 90 युरो आणि वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा. तुमच्या सगळ्या रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडेच. सप्टेंबरअखेरच्या प्रवासासाठी जून उजाडेपर्यंत थांबू नका. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामार असते.

आता घुमट आणि सासूबाई. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि एकदा चढायला लागलं की मधून मागे फिरणं अवघड. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 मध्ये हा घुमट खालून लाकडी आधार न देता उभा केला, तो एकात एक अशा दोन कवचांचा. तुम्ही चढता ते या दोन कवचांच्या मधून. जिना गोल वळत अरुंद होत जातो, मग अचानक घुमटाच्या आतल्या कठड्यावर बाहेर काढतो. डोक्यावर वसारी आणि झुक्कारी यांनी रंगवलेला अंतिम न्यायाचा देखावा, त्यातले राक्षस हाताच्या अंतरावर आल्यासारखे, आणि काचेपलीकडे खाली कॅथेड्रलची फरशी. तिथून पुढे भिंत खांद्याशी कलायला लागते, कारण आता तुम्ही घुमटाच्या वळणाबरोबर वर चाललेले असता. विटा आडव्या थरांत मध्येच उभ्या बसवलेल्या दिसतात, त्यांनीच चुना ओला असताना वरचे थर घसरू दिले नाहीत. मुलगी हे आयुष्यभर विसरणार नाही. गुडघे, हृदय किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर मात्र हट्ट नको.

सासूबाईंना त्या वेळेत डुओमोच्या संग्रहालयात न्या. सोबत कुणीतरी एक जण थांबा. चौकातच मागच्या बाजूला आहे, लिफ्ट आहे, गर्दी निम्मीही नसते, आणि माझ्या मते शहरातलं सगळ्यात कमी लेखलेलं ठिकाण आहे. बाप्तिस्तेरीच्या दारावर लोक ज्या सोनेरी चौकटींचे फोटो काढतात त्या नकला. शिल्पकार गिबेर्तीने 1425 ते 1452 एवढी वर्षं घालवून केलेले मूळ दरवाजे इथे काचेआड आहेत. मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवायला घेतलेलं आणि रागाच्या भरात स्वतःच फोडलेलं पिएता, म्हणजे मृत येशूला सावरणाऱ्यांचं शिल्प, इथेच. वरच्या गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो, न चढता.

उफिझी सकाळी सव्वाआठला उघडतं. पहिली वेळ घ्या. चित्रं सगळ्यात वरच्या मजल्यावर सुरू होतात आणि जिना लांबलचक आहे, म्हणून सासूबाईंसाठी आत शिरतानाच लिफ्ट विचारा. वर पोचल्यावर पहिल्या दालनापासून इमानेइतबारे सुरुवात करू नका. सरळ बोत्तिचेल्लीच्या दालनात जा. ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ ही दोन चित्रं शांतपणे बघायला मिळतात ती पहिल्या अर्ध्या तासातच. नंतर गट येतात आणि चित्रापुढे फक्त मोबाइल दिसतात. तिथून मागे येऊन क्रमाने बघा. अडीच तासांनंतर कुणाचंच डोकं चालत नाही, तरी शेवटी खालच्या मजल्यावर कारावाज्जोचा मेडुसा आणि आर्तेमिझिया जेंतिलेस्कीची शत्रूच्या सेनापतीचं शिर कापणारी ज्युडिथ यांच्यासाठी थोडी ताकद राखून ठेवा. मुलीला ज्युडिथ दाखवाच. सतराव्या शतकातल्या एका बाईने रंगवलेलं आहे हे आधी सांगू नका, नंतर सांगा.

अकादेमियाला तासभर बास. डेव्हिड दालनाच्या टोकाला घुमटाखाली उभा आहे, पाच मीटरहून उंच. त्याच्याकडे धाव घेताना दोन्ही बाजूंच्या अर्धवट शिल्पांना ओलांडून जाऊ नका. दगडातून अर्धे बाहेर आलेले ते ‘कैदी’ नावाचे पुतळे बघितले की छिन्नी कशी चालायची ते कळतं.

म्हणजे कार्यक्रम साधारण असा: मंगळवारी दुपारी सामान टाकून बाप्तिस्तेरी आणि आजूबाजूचं शहर, संध्याकाळी बसने किंवा टॅक्सीने सान मिनियातो चर्च. सूर्यास्ताला सगळे पियात्साले मिकेलांजेलोवर थांबतात. तुम्ही तिथून थोडं वर जा, तेच दृश्य, गर्दी कमी. बुधवारी सकाळी उफिझी, दुपारी खोलीवर आराम (हा दोन तासांचा आराम वयस्कर माणसं सोबत असताना कार्यक्रमात लिहूनच ठेवावा), संध्याकाळी पोन्ते वेक्कियो ओलांडून पलीकडच्या ओल्त्रार्नो भागात जेवण. पुलावर आज सोनार दिसतात. 1593 पर्यंत तिथे खाटकांची दुकानं होती, वरच्या मार्गिकेतून जाणाऱ्या मेदिचींना वास सहन होईना म्हणून हाकलली. गुरुवारी सकाळी लवकर घुमट, मग कॅथेड्रल, दुपारी उशिरा अकादेमिया. एवढंच. बाकीचं सुचेल तसं. सांता क्रोचेमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी आहेत, सान मार्कोमध्ये फ्रा अँजेलिकोची भित्तिचित्रं. यांतलं एक जमलं तर उत्तम. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलीच्या पिशवीत एक ओढणी असू द्या. सोबत सिएना, पिसा वगैरे जोडायचा मोह आवरा. आवरलाच नाही तर सिएना, आणि तेही बसने, कारण सिएनाचं रेल्वे स्टेशन गावाच्या बरंच खाली आहे.

राहायला स्टेशन आणि डुओमो यांच्या मधला भाग तुमच्यासाठी बरा. स्टेशन ते डुओमो चालत दहा मिनिटं, पण रस्ते दगडी फरसबंदीचे. मोठ्या बॅगांची चाकं वाजत-अडकत जातात. हॉटेल घेताना दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट रस्त्यापासून आहे का, आणि खोलीत एसी आहे का. जुन्या वाड्यांमधली हॉटेलं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात आणि ‘लिफ्ट आहे’ म्हणजे कधी कधी पहिला जिना चढल्यानंतर आहे. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी दर रात्रीचा पालिकेचा कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो; तो ऐकून वाद घालू नका, कायदेशीर आहे. टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, थांब्यावरून किंवा फोन करून घ्यावी लागते. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून सी अक्षराच्या छोट्या बस फिरतात, त्या सासूबाईंचे पाय वाचवतील.

पत्ता शोधताना एक गंमत डोक्यात ठेवा. इथे एकाच रस्त्यावर घरांचे आकडे निळे-काळे आणि दुकानांचे लाल असे दोन स्वतंत्र क्रम चालतात. पत्त्यात आकड्यापुढे इंग्रजी ‘आर’ असेल तर लाल आकडा शोधायचा. काळा 25 आणि लाल 25 यांच्यात बरंच अंतर असू शकतं, आणि भुकेल्या पोटी ते जास्तच वाटतं.

जेवणाबद्दल घाबरू नका, पण डोळे मिटून मागवूही नका. टस्कनीचं गरिबांचं जेवण मूळचं घेवड्याचं, पावाचं आणि भाजीचं: रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट कोबी शिजवलेलं दाट सूप, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव, उन्हाळ्यात पान्झानेल्ला म्हणजे भिजवलेल्या पावाची कोशिंबीर. तिन्ही आपल्या तोंडाला रुचतात. पण सूप कधी कधी मटणाच्या पाण्यात करतात, म्हणून ‘ब्रोदो दि कार्ने’ आहे का हे विचारा. सगळ्यात जास्त फसगत होते ती क्रोस्तिनी तोस्कानी मागवताना: भाजलेल्या पावावर तपकिरी चटणीसारखं काहीतरी लावलेलं असतं, ते कोंबडीचं काळीज असतं. लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचा सँडविच, गाडीवर लांब रांग दिसली म्हणून उभं राहू नका. गोडात पाना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं, आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं. किती कडक पाळता ते तुमचं तुम्ही ठरवा. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’, म्हणजे मांस, मासे, अंडं नको, एवढं पाठ करा. कांदा-लसूणही नको असेल तर ‘सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो’. पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत.

रात्रीची स्वयंपाकघरं साडेसातच्या आधी सहसा उघडत नाहीत. सहाला जेवण मिळतंय असं दिसलं तर ती जागा फक्त पर्यटकांसाठी आहे असं समजा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लागतात, मग वेगळी टिप द्यायची गरज नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, तीच चौकातल्या खुर्चीत बसून कितीतरी महाग. पाण्याची बाटली जवळ ठेवा. पियात्सा देल्ला सिन्योरियात नेपच्यूनच्या कारंज्याशेजारी पालिकेचा नळ आहे, साधं आणि सोडा असं दोन्ही पाणी फुकट मिळतं.

भाड्याची गाडी? नको. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि ती कॅमेऱ्यांवर चालते. अडवायला कुणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो, आणि काही महिन्यांनी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या पत्त्यावर दंडाचं पत्र येतं. त्याआधीच गाडीच्या कंपनीने पत्ता कळवण्याची फी कार्डावरून कापलेली असते.  टस्कनीची खेडी बघायचीच असली तर निघायच्या दिवशी विमानतळाच्या बाजूने गाडी घेऊन शहराबाहेरच राहायचं, आणि आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच जायचं. तुमच्या नऊ रात्रींत ते बसत नाही.

चोऱ्यांबद्दल दोनच गोष्टी. स्टेशनवरच्या तिकीट यंत्राजवळ मदतीला येणारा अनोळखी माणूस मदत करायला आलेला नसतो. आणि चौकात जमिनीवर चित्रं पसरलेली दिसली तर वळसा घालून जा. चुकून पाय पडला की भरपाईची मागणी सुरू होते. रस्त्यावर नकली ब्रँडची पर्स घेतली तर दंड विकत घेणाऱ्यालाही होतो.

शुक्रवारी सकाळ मोकळी आहे, तिथे एक जागा सुचवतो, जी बहुतेक मराठी पर्यटकांना माहीत नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची चाल तिथे नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरून ‘भारतीयाचा पूल’ असंच आहे. जागा कॅशिने उद्यानाच्या पश्चिमेच्या पार टोकाला. ट्रामने कॅशिने थांब्यावर उतरलात तरी पुढे बरंच चालावं लागतं, म्हणून सासूबाई सोबत असतील तर हॉटेलमधून टॅक्सी बोलवा, पत्ता ‘पियात्साले देल इंदियानो’ सांगा आणि परतीचीही टॅक्सी ठरवूनच जा, तिथे थांबा नाही.

दुपारची व्हेनिसची गाडी फिरेन्झे एस. एम. एन. म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून घ्या. काही गाड्या काम्पो दि मार्ते नावाच्या दुसऱ्या स्टेशनवरून सुटतात, तिकीट काढताना बघा. वेगवान गाड्यांचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त प्रकारात बदल करता येत नाही. फलाट सुटायच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, बोर्डाखाली सामान घेऊन तयार राहा. आणि हॉटेल व्हेनिस बेटावर असेल तर तिकीट सांता लुचियापर्यंतचं काढा. मेस्त्रे हे त्याआधीचं स्टेशन मुख्य भूमीवर आहे.